सातापर्यंतच शिकवलेला आकडा

वर्गात पोरं अजून मागं लागतात. "सर, तुमचा तो आकडा दाखवा ना!" कुणाच्या थोरल्या भावानं घरी सांगितलेलं असतं, कुणाच्या आत्यानं. मी खेकसतो. "पुस्तक उघडा. आकडा म्हणे! त्रिकोणमिती कोण करणार, तुमचा काका?" पोरं गप्प बसतात आणि आपसांत डोळे मिचकावतात, आज सरांचं डोकं फिरलंय म्हणून. आज नाही फिरलं बाबांनो. फिरून वर्ष होऊन गेलं.

वडवणीच्या एका शाळेत मी गणित शिकवतो. एवढ्या वर्षांत माझं जे काही नाव झालं ते त्या एका आकड्यावर. एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. फळ्यावर मोठ्ठा लिहायचा, १४२८५७, आणि एखाद्या झोपाळू पोराला उठवून म्हणायचं, गुण दोनानं. २८५७१४. गुण तीनानं. ४२८५७१. तिथपर्यंत पुढच्या बाकावरच्या एखादीच्या ध्यानात यायचं आणि ती ओरडायची, "सर, तेच आकडे!" तेच. चारानं गुणलं तर ५७१४२८, पाचानं ७१४२८५, सहानं ८५७१४२. सहा अंक, त्याच रांगेत, फक्त सुरुवात दुसरीकडून. नवा अंक आत येत नाही, जुना बाहेर जात नाही. मग मी खडू खाली ठेवायचो, हात झटकायचो, उगाच खिडकीबाहेर बघायचो आणि म्हणायचो, "आता सातानं." पोरं वहीत गुणाकार करायची आणि एकेक करून किंचाळायची. ९९९९९९. सगळे नऊ! वर्ग डोक्यावर घ्यायची, शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन बघून जायचे, आणि माझी छाती उगाच दोन बोटं पुढं यायची.

यात जादू कसली नाही. एक भाकरी सात जणांत वाटायला घ्या. एकाला सातानं भागत बसा. बाकी उरतच राहते, भागाकार काही संपत नाही, आणि दशांशचिन्हाच्या पुढं हेच सहा अंक पुन्हा पुन्हा येत राहतात. एवढंच. पण मी हे कधी सांगायचो नाही. सांगितलं की टाळ्या कमी पडतात.

माझी भाची पाचवीत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्याकडं आली होती. थोरल्या बहिणीची, अक्काची, एकुलती एक पोरगी. घर शिरूर कासारला, वडलांची किराणा मालाची टपरी. दुपारी कुणाला झोपू द्यायची नाही. एका दुपारी मी वैतागून तिच्या हातात खडू दिला आणि ओट्याच्या फरशीवर तो आकडा लिहून दिला. पोरगी मांडी घालून बसली. सातापर्यंत आली, सगळे नऊ बघितले. माझे हात टाळीसाठी तयारच होते. ती म्हणाली, "मामा, असं कावून होतं?"

इतक्या पोरांना दाखवला होता तो आकडा. 'कावून', म्हणजे का, असं विचारणारी ही पहिली. मी म्हणालो, "आकडाच तसा हाय." तिला काही ते पटलं नाही. संध्याकाळपर्यंत फरशी भरून भागाकार करत बसली, बायकोनं ओटा धुवायला बादली आणली तर तिच्यावरच ओरडली. दिवेलागणीला माझ्यापुढं येऊन उभी राहिली, तोंडावर, केसांत, सगळीकडं खडू. "मामा, बाकी फिरून परत एक येती. म्हणून आकडे बी फिरतेत." मी तिला उचलून घेतलं. त्या दिवशी वाटलं, ही आपल्याला ओलांडून लांब जाणार. किती बरं वाटलं होतं मला, काय सांगू!

पुढं ती बीडला होस्टेलवर राहून गणितात बीएस्सी करायला लागली. एकदा ऐन तासाला तिचा फोन. "मामा, त्या आकड्याचा वर्ग करून बघितलाव का कधी?" मी नव्हता केला. तिनं केला होता. वीस अब्ज चाळीस कोटी एक्क्याऐंशी लाख बावीस हजार चारशे एकोणपन्नास. "आता त्याचे दोन तुकडे करा. पुढचे पाच अंक आणि मागचे सहा. वीस हजार चारशे आठ, आणि एक लाख बावीस हजार चारशे एकोणपन्नास. करा बेरीज." मी व्हरांड्यात उभा राहून तळहातावर पेनानं बेरीज केली. एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. पुन्हा करून बघितली, तेच. आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी मी तो वर्ग फळ्यावर करून दाखवला, पण भाचीनं शोधला असं काही मुलांना म्हणालो नाही.

शेवटच्या वर्षाला असताना ती एका शनिवारी अचानक वडवणीला आली. चहा घेईना. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "मामा, उद्या पाव्हणे येणार हायत मला बघायला. मांजरसुंब्याचे."

"मग?"

"लग्नाला माझी ना न्हाई. पोरगं चांगलं हाय म्हणतेत. पण मला एमएस्सी करायचीय. पुढं कॉलेजवर शिकवायचंय. दोन वर्सं थांबा, एवढंच म्हणायचंय मला. पण मी बोलले तर बाबांचा पारा चढतो, आई रडायला लागती. तुमचं मात्र बाबा ऐकतेत. सुपारीच्या आधी मामाला विचारतेतच ना? तवा तेवढं म्हणा."

तिचं बरोबर होतं. आमच्याकडं बैठकीत सगळं ठरत आलं की ताटात सुपारी ठेवतात आणि फोडायच्या आधी मुलीच्या मामाला विचारतात. विचारणं रीतीचंच असतं, मामा हो म्हणणार हे सगळे धरूनच चालतात. पण मामा थांबा म्हणाला तर थांबावं लागतं. मामाचा शब्द ओलांडून कुणी सुपारी फोडत नाही. आणि एकदा फुटली की मग बोलून उपयोग नसतो, मागं फिरलं तर दोन्ही घरांची इज्जत जाते.

"एवढंच ना?" मी म्हणालो. "झालं म्हणून समज."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि हसली. मग चहा घेतला, दोन कप घेतला. सकाळी मी मोटरसायकल काढली तेव्हा बायको म्हणाली, "तिथं जाऊन मास्तरकी करत बसू नका. पोरीचं तेवढं बोला." मी म्हणालो, तू मला शिकवू नको.

शिरूरला पोचलो तर सतरंज्या पडल्या होत्या. दाजी, म्हणजे माझे मेहुणे, नवा सदरा घालून उगाच इकडून तिकडं करत होते. पाहुणे आले. मुलाच्या वडलांचं मांजरसुंब्याच्या चौकात टायरचं दुकान. उंचपुरा, मोकळा माणूस, हसला की पोट हलायचं. मुलगा बापासारखा नव्हता, गप्प, खाली बघणारा. पोहे झाले, चहा झाला. भाची येऊन पाटावर बसली. नाव काय, गाव काय, स्वयंपाक येतो का, सगळं झालं. मुलाच्या वडलांच्या हातात तिचा बायोडेटा होता, कोपऱ्यात तिचा फोटो असलेला कागद. तो वाचून ते म्हणाले, "गणित! बाप रे. आमी तर गणिताच्या भ्यानं शाळा सोडली."

सगळे हसले. दाजी पटकन म्हणाले, "मामाच मास्तर हायत तिचे. एक आकडा हाय त्यांचा, लई गंमतीचा."

आणि मी, मूर्ख माणूस, म्हणालो, "दाखव गं."

तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. आता कळतं ते बघणं. तेव्हा मला वाटलं, लाजली. "दाखव की," मी पुन्हा म्हणालो.

तिनं सांगितलं. आवाज लहान होता पण अडखळला नाही. मुलाच्या वडलांनी मोबाईल काढून एकेक गुणाकार तपासला आणि प्रत्येक उत्तराला "आयला!" म्हणाले. सातानं सगळे नऊ आले तेव्हा तर त्यांनी शेजारच्या पाहुण्याच्या मांडीवर थाप मारली. "काय डोकं हाय राव! मामा, तुमीच शिकवलं?"

भाचीला आत पाठवलं. आणि मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं म्हणा की मीच चढलो म्हणा. "अहो, हे तर काहीच नाही," मी म्हणालो. "द्या तो कागद." त्यांच्या हातातला बायोडेटा घेतला, पालथा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागलो. एकशे बेचाळीस आणि आठशे सत्तावन्न, बेरीज नऊशे नव्याण्णव. चौदा, अठ्ठावीस, सत्तावन्न, बेरीज नव्याण्णव. सगळे पाहुणे माझ्याभोवती गोळा झाले. उभ्या आयुष्यात मला असा वर्ग मिळाला नव्हता. "आता ह्याचा वर्ग करतो, थांबा, बघाच तुम्ही!" म्हणून मी गुणाकार मांडला. सहा अंकांना सहा अंकांनी गुणायचं, वर गडबड. मधे कुठं तरी हातचा चुकला. खोडलं, पुन्हा मांडलं.

कुणीतरी म्हणालं, "मामा, तुमचं काय म्हणणं मग?"

"आं?"

"फोडायची का?"

"हां हां, फोडा, फोडा," मी म्हणालो आणि हातचा शोधत राहिलो.

बत्त्याचा आवाज आला. मी तेव्हाही मान वर केली नाही. वर्ग काही जमेना. म्हणून तसाच आतल्या दाराकडं तोंड करून मोठ्यानं ओरडलो, "अगं, तो वर्ग किती येतो गं?"

आतून उत्तर आलं नाही.

"अगं ऐकलंस का? पुढचे पाच अंक सांग नुसते!"

तरी नाही. तेव्हा मी वर बघितलं. ताटात सुपारीची खांडं पडली होती. दाजी मुलाच्या वडलांना मिठी मारत होते. अक्का डोळे पुसत साखरेची वाटी घेऊन बाहेर आली आणि पहिली चिमूट तिनं माझ्याच तोंडात घातली. "मामाचा मान," म्हणाली. साखर तोंडात तशीच राहिली, गिळवेना. हातात पेन होतं, कागदावर अर्धा वर्ग होता आणि कागदाच्या खालच्या बाजूला तिचा फोटो होता.

दुसऱ्या दिवशी दाजींना फोन केला. म्हणालो, पोरीला शिकायचंय, दोन वर्षं पुढं ढकलता येतं का बघा. ते म्हणाले, "मामा, तवा कावून बोलला न्हाईत? सगळ्यांच्या म्होरं तुमीच म्हणलाव, फोडा." मी फोन ठेवला. घरात बायकोला सांगितलं तेव्हा ती ओरडेल असं वाटलं होतं. ती उठून आत गेली. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

परीक्षा झाली आणि लगेच उन्हाळ्यात लग्न लागलं. मला फेटा बांधला, टॉवेल-टोपी दिली, मुलीचे मामा म्हणून माईकवर नाव पुकारलं. मंडपात भटजी ओरडायला लागले, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं, मुहूर्त टळतोय!" मी खोलीत गेलो. ती मुंडावळ्या बांधून बसली होती. बाकीच्या बायका जरा बाजूला झाल्या. मला बोलायचं होतं, रात्रभर जुळवलेलं होतं सगळं. म्हणालो, "चुकलो गं पोरी." मग नुसतं नाक ओढत उभा राहिलो.

तिनं पदर सावरला. "चला मामा, बोलवायलेत," म्हणाली आणि स्वतःच उठून माझा हात धरला. तिला मंडपात न्यायचं काम माझं. खरं तर तिनंच मला नेलं. अष्टका होईपर्यंत मी तिच्या पाठीशी उभा होतो. लोकांना वाटलं, मामा हळवा हाय.

त्यानंतर बरेच महिने मी मांजरसुंब्याला गेलो नाही. शाळेचं काम, पाय दुखतोय, गाडी नादुरुस्त, कारणांना काय तोटा? शेवटी अक्कानंच फोन करून झापलं, "मामा असून पोरीकडं एकदा जात न्हाईस, लोक काय म्हणतील?" तेव्हा गेलो.

दुकान चौकातच. बाहेर टायरांचे ढीग, आत कौंटर, आणि कौंटरवर माझी भाची. बिलं करत होती. मला बघून उठली, वाकून पाया पडली. सासरे तर उठून मिठीच मारायला आले. "या या मामा! एवढ्या दिसांनी? तुमचा आकडा बघा कुठं लावलाय!" त्यांनी भिंतीकडं बोट केलं. देवाच्या फोटोशेजारी लॅमिनेशन केलेला एक कागद लटकत होता. माझं अक्षर. एकशे बेचाळीस अधिक आठशे सत्तावन्न. खाली खाडाखोड केलेला अर्धा वर्ग. बायोडेटाच होता तो. माझी बाजू दुकानाकडं, आणि तिचा फोटो, तिचं नाव, तिचं शिक्षण, सगळं भिंतीकडं.

"येईल त्या माणसाला दाखवतो," सासरे म्हणाले. "ट्रकवाले येतेत कुठून कुठून. सूनबाईला म्हणलं की ती धडाधड करून दाखवती. लोक दुसऱ्यांदा येतेत, टायर नको असलं तरी."

मनात म्हटलं, निदान वाईट माणूस असता तर त्याच्यावर तरी खेकसलो असतो. पण वाईट नाहीत हो ते. तिला मुलीसारखं वागवतात, आधी तिच्या ताटात वाढायला लावतात. मी रागावणार कुणावर?

ती चहा करायला मागच्या खोलीत गेली. मी मागोमाग गेलो. स्टूलवर बसलो आणि पुन्हा तेच तोंडात आलं, चुकलो म्हणून. तिनं गॅस बारीक केला.

"मामा, तुमी मला सातापर्यंतच शिकवलं."

"म्हणजे?"

"आठानं कधी गुणलाव का तो आकडा?"

नव्हता गुणला. सातावर टाळ्या पडतात, मग आठाकडं कोण जातो? तिनं बिलाच्या कागदाच्या पाठीवर लिहिलं. ११४२८५६. मी बघतच राहिलो. सात अंक झाले होते. शेवटचा सात गायबच होता आणि पुढं एक जादा एक येऊन बसला होता. आकडा मोडल्यासारखा दिसत होता.

"आता ह्यो पुढचा एक उचला आणि मागच्या सहात मिळवा," ती म्हणाली.

पुढचा एक काढला, सहाचे सात झाले. १४२८५७.

"येतो परत," ती म्हणाली. "पण कुणी उचलून मिळवला तरच." चहा उतू जायला आला होता, तिनं पातेलं उचललं. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "मामा, तवा म्हणायचं ऱ्हायलं ते आता म्हणता का? माझ्याच्यानं त्यांच्यापुढं बोलवत न्हाई. ते लई चांगले हायत, त्यामुळं तर मुळीच न्हाई."

मी उठलो. चहा तसाच ठेवून दुकानात आलो. सासरे टायरला टेकून उभे होते. "काय मामा, आणखी एखादी गंमत?"

"गंमत नाही," मी म्हणालो. "पाहुणे, पोरीला एमएस्सी करायचीय. दोन वर्षं. तिला घाला की कॉलेजात."

त्यांनी डोळे मोठे केले. मग हसले, ते पोट हलवणारं हसू. "अहो मामा, मग सुपारीच्या टायमाला म्हणायचं की! आमी काय वाघ हाव का? मला तर शिकलेलीच सून पायजे होती. थांबलो असतो की दोन वर्सं!"

मागच्या दारात ती कपबशी घेऊन उभी होती. तिनं ऐकलं. मला बघवलं नाही, पण बघितलं.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता..." त्यांनी दुकानावरून नजर फिरवली. कौंटर, बिलं, बाहेर हवा भरायला लागलेल्या गाड्या. "बघू की. सीझन जाऊ द्या. आता हिच्याबिगर कौंटर कोण सांभाळणार, तुमीच सांगा." वाईट बोलायचं म्हणून नाही बोलले, खरंच विचारलं त्यांनी. मी म्हणालो, मी पुढच्या रविवारी येतो, पुन्हा विचारायला. ते म्हणाले, या की, घर तुमचंच हाय.

तेवढ्यात एक ट्रक बाहेर थांबला आणि ड्रायव्हर आत आला. सासऱ्यांचा चेहरा खुलला. "सूनबाई, पाव्हण्याला तो आकडा दाखवा जरा."

तिनं कपबशी माझ्या हातात दिली, पदराला हात पुसले आणि पेन घेतलं. दोन, तीन, चार, पाच, सहा. मग सात. तिथं तिनं पेनाला टोपण लावलं. ड्रायव्हरनं टाळी वाजवली. सासऱ्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला मोठ्या कौतुकानं सांगितलं, "हे तिचे मामा. हे सगळं ह्यांच्यामुळंच."